फालतू इफ-एल्स काढायचे कसे, आणि कुठले काढायचे नाहीत

प्रश्न थोडक्यात असा आहे. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाच्या एका मुलाने एसटीचं भाडं काढणारा छोटा पायथन प्रोग्राम लिहिलाय, तो चालतो, पण गाइडने "कंडिशन्स रिडंडंट आहेत, सिंप्लिफाय कर" एवढंच लिहून परत पाठवलाय. तो विचारतोय, दादा, रिडंडंट म्हणजे नसली तरी चालेल अशी कंडिशन ओळखायची कशी, आणि काढताना काही बिघडलं तर मला कळणार कसं. दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा चांगला आहे, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

त्याची दोन फंक्शन्स अशी आहेत (सगळ्यांना वाचता यावीत म्हणून कीवर्डसकट देवनागरीत उतरवलीत, रचना जशीच्या तशी; एलिफ म्हणजे एल्स-इफ, "नाहीतर, जर").

    डेफ सवलत_आहे_का(वय, महिला):
        इफ महिला == ट्रू:
            रिटर्न ट्रू
        एल्स:
            इफ वय < 12:
                रिटर्न ट्रू
            एल्स:
                इफ वय >= 65:
                    रिटर्न ट्रू
                एल्स:
                    रिटर्न फॉल्स

    डेफ भाडे_टक्के(वय, महिला):
        इफ वय < 5:
            रिटर्न 0
        एलिफ वय >= 5 अँड वय < 12:
            रिटर्न 50
        एलिफ महिला == ट्रू:
            रिटर्न 50
        एलिफ वय >= 65:
            रिटर्न 50
        एलिफ वय >= 75:
            रिटर्न 0
        एल्स:
            रिटर्न 100

मागचे नियम बहुतेकांना माहीत आहेत. अगदी लहान मुलांना तिकीट नाही, 5 ते 12 वयाला अर्धं, 65 ते 75 च्या ज्येष्ठांना अर्धं, 75 च्या वरच्यांना ऑगस्ट 2022 पासून मोफत, आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धं. वय म्हणजे पूर्ण झालेली वर्षं असं धरू.

आता माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखादी कंडिशन फालतू *का* आहे हे तुला एका वाक्यात सांगता आलं तरच ती काढायची. "दोन्हीकडे सेमच येतंय" हे कारण नाही, ते फक्त लक्षण आहे. कारण तीन प्रकारचं असू शकतं. वरच्या ओळीने ती आधीच सिद्ध केलीय म्हणून फालतू, किंवा आज उत्तरं योगायोगाने सारखी आहेत म्हणून फालतू, किंवा कोडमध्ये बग आहे म्हणून ती फालतू झालीय. पहिली काढायची, दुसरीचा विचार करायचा, तिसरी काढलीस तर बग कायमचा पक्का होतो. तुझ्या ह्या वीस-पंचवीस ओळींत तिन्ही प्रकार आहेत म्हणूनच मला हा कोड आवडला.

पहिलं फंक्शन सोपं आहे. ‘वय >= 65’ हे स्वतःच एक मूल्य आहे, ट्रू नाहीतर फॉल्स. ते व्हेरिएबलमध्ये ठेवता येतं, रिटर्न करता येतं, दुसऱ्या फंक्शनला पाठवता येतं. पण सुरुवातीला शिकताना कंडिशन ही फक्त इफच्या पुढे लिहायची गोष्ट आहे असं डोक्यात बसतं आणि मग माणूस "खरं असेल तर खरं परत दे, खोटं असेल तर खोटं परत दे" असं लिहीत बसतो. आतून बाहेर ये. सगळ्यात आतला इफ-एल्स म्हणजे नुसतं ‘रिटर्न वय >= 65’. त्याच्या बाहेरचा म्हणतो की वय 12 च्या खाली असेल तर ट्रू, नाहीतर आतलं जे काय असेल ते, आणि "हे खरं असेल तर ट्रू, नाहीतर ते" यालाच ऑर म्हणतात. म्हणजे ‘वय < 12 ऑर वय >= 65’. तसंच अजून एक पायरी बाहेर आलास की

    रिटर्न महिला ऑर वय < 12 ऑर वय >= 65

झालं, एक ओळ. ह्याचीच उलटी बाजू पण लक्षात ठेव. "हे खरं असेल तर ते परत दे, नाहीतर फॉल्स" म्हणजे अँड. "हे खरं असेल तर फॉल्स, नाहीतर ते" म्हणजे ‘नॉट हे अँड ते’. ट्रू-फॉल्स रिटर्न करणारी कितीही खोल इफ-एल्सची उतरंड असली तरी ह्या तीन-चार चालींनी आतून बाहेर सोडवता येते, पाठ काही करावं लागत नाही.

पण हे करताना ‘महिला == ट्रू’ चं आपण नुसतं ‘महिला’ केलं, तिथे थांब. पायथनची स्टाइल गाइड पेप 8 सुद्धा सांगते की ट्रू-फॉल्सशी == लावून तुलना करू नका, आणि महिला हे खरंच बूलियन, म्हणजे ट्रू किंवा फॉल्सच, असेल तर दोन्ही एकच आहेत. पण ते मूल्य फॉर्ममधून किंवा सीएसव्ही फाइलमधून येत असेल तर ते ‘"हो"’ किंवा ‘"नाही"’ असं स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, असू शकतं. ‘"नाही" == ट्रू’ याचं उत्तर फॉल्स. पण ‘इफ "नाही":’ हे मात्र खरं धरलं जातं, कारण पायथनमध्ये रिकामी नसलेली कुठलीही स्ट्रिंग खरी. म्हणजे जुना कोड पुरुषाला पूर्ण तिकीट लावत होता आणि साफसूफ केलेला कोड त्याला महिला सवलत देतोय. अर्थात जुना कोडही ‘"हो"’ लिहिलेल्या बाईला सवलत नाकारत होता, म्हणजे चूक दोन्हीकडे होती, फक्त वेगवेगळ्या दिशेने. इलाज == ट्रू ठेवणं हा नाही, इलाज म्हणजे डेटा आत येतो तिथेच त्याचं बूलियन करून घेणं आणि पुढे सगळीकडे निर्धास्तपणे ‘इफ महिला’ लिहिणं.

ह्याला जोडूनच एक. पायथनमध्ये आणि जावास्क्रिप्टमध्ये ऑर-अँड हे ट्रू-फॉल्स देत नाहीत, दोन बाजूंपैकी ज्या बाजूवर उत्तर ठरलं तीच जशीच्या तशी परत देतात. म्हणजे ‘रिटर्न नाव ऑर मोबाईल’ लिहिलंस तर ट्रू नाही, माणसाचं नाव परत येईल. इफमध्ये वापरलं तर फरक पडत नाही, पण तेच जेसनमध्ये (प्रोग्राम एकमेकांना डेटा पाठवतात तो साचा) घालून पाठवलं तर पलीकडच्याला ट्रूच्या जागी कोणाचं तरी नाव दिसेल. तिथे पायथनमध्ये ‘बूल(...)’ आणि जावास्क्रिप्टमध्ये दोन उद्गारचिन्हं लावायची. जावामध्ये हा त्रास नाही, तिथे इफला बूलियनच लागतं, दुसरं काही दिलं तर कंपायलरच (कोड मशीनला कळेल असा करणारा प्रोग्राम) अडवतो.

आता दुसरं फंक्शन, खरी मजा इथे आहे.

‘एलिफ वय >= 5 अँड वय < 12’ मधलं ‘वय >= 5’ हे तर्काने फालतू आहे. वरच्या ओळीने 5 च्या खालचे सगळे आधीच बाहेर काढलेत, त्यामुळे इथे पोचणारा प्रत्येक जण 5 किंवा जास्तच. एका वाक्यात कारण सांगता आलं, काढून टाक. काही जण म्हणतील ठेवलेलं बरं, वाचणाऱ्याला रेंज दिसते. मला ते पटत नाही, कारण उद्या वरचा 5 बदलून 6 केला आणि खालचा 5 तसाच राहिला तर वाचणारा गोंधळतो की 5 वर्षांच्या मुलाचं नक्की काय. एक आकडा एकाच जागी असावा. हां, पण हे एलिफची साखळी आहे तोवरच खरं. तोच कोड सुटे सुटे इफ असलेला असता आणि प्रत्येकात रिटर्न नसून ‘टक्के = 50’ अशी असाइनमेंट असती, तर ते ‘वय >= 5’ अजिबात फालतू नसतं, ते काढलं असतं तर 3 वर्षांच्या बाळाला आधी 0 लागून मग त्यावर 50 चढलं असतं. त्यामुळे कंडिशन काढताना फक्त ती ओळ बघून चालत नाही, तिथवर येणारा रस्ता कोण अडवतंय ते बघायचं.

आता ‘वय >= 75’ वाली फांदी बघ. तिथे कोणीच कधी पोचत नाही. 75 च्या वरचा प्रत्येक माणूस आधी ‘वय >= 65’ मध्येच अडकतो आणि अर्धं तिकीट घेऊन बाहेर पडतो. तर्काने बघितलं तर ही फांदी शंभर टक्के फालतू आहे, काढली तर प्रोग्रामच्या वागण्यात काडीचा फरक पडणार नाही. आणि नेमकं म्हणूनच ती काढायची नाही! ती का फालतू झाली? कारण क्रम चुकला. लिहिणाऱ्याला 75 च्या वरच्यांना मोफत द्यायचं होतं हे त्या ओळीतूनच कळतंय, तो तुझ्या कोडमधला एकमेव पुरावा आहे, आणि सिंप्लिफिकेशनच्या नावाखाली तू तो पुसून टाकशील. बरं, ती फांदी नुसती 65 च्या वर नेऊन पण भागत नाही. तिच्याही वर ‘महिला’ ची फांदी आहे, त्यामुळे 80 वर्षांच्या आजोबांना मोफत आणि 80 वर्षांच्या आजींना अर्धं तिकीट असं होईल. ती महिलेच्या फांदीच्याही वर गेली पाहिजे.

ह्या जातीच्या चुका टूलने पकडता येतात का, तर काही प्रमाणात. जीसीसी ह्या सी च्या कंपायलरमध्ये 6 व्या आवृत्तीपासून डुप्लिकेटेड-कंड नावाची वॉर्निंग आहे, ईएसलिंट ह्या जावास्क्रिप्ट तपासणाऱ्या टूलमध्ये नो-डुप-एल्स-इफ नावाचा नियम आहे, पण ते मुख्यतः अगदी तीच कंडिशन पुन्हा आली तर ओरडतात. 75 पेक्षा मोठा म्हणजे 65 पेक्षा मोठा असतोच हे आकड्यांचं नातं त्यांना कळत नाही, ते आपणच बघायचं. आकड्यांच्या साखळीला माझी साधी सवय आहे, >= वापरत असशील तर मोठ्या आकड्याकडून लहानाकडे ये, < वापरत असशील तर लहानाकडून मोठ्याकडे जा, एकाच साखळीत दोन्ही मिसळलेत तर कागदावर रेघ ओढून तुकडे पाड.

मरून पडलेला कोड हा बगचा पुरावा असतो ह्याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 2014 चं आहे. ॲपलच्या आयफोन आणि मॅकमध्ये सुरक्षित कनेक्शन तपासणाऱ्या सी कोडमध्ये एका इफच्या खाली ‘गोटू फेल;’ (‘फेल’ ह्या खुणेकडे थेट उडी मार) ही ओळ चुकून दोनदा आली होती. कंस नव्हते, त्यामुळे पहिली ओळ इफच्या ताब्यात आणि दुसरी मोकाट, म्हणजे कंडिशन काहीही असो, ती चालणारच. तिच्या खालची महत्त्वाची तपासणी कधी चाललीच नाही, आणि तोपर्यंत एररच्या व्हेरिएबलमध्ये शून्य म्हणजे "सगळं ठीक" असल्यामुळे फंक्शन यशस्वी म्हणून बाहेर पडायचं. खोटी सही असलेला सर्व्हर सुद्धा खरा ठरायचा. तिथे खालचा कोड अनरीचेबल आहे, म्हणजे तिथे कधी पोचताच येत नाही, हे दाखवणारी वॉर्निंग क्लँग ह्या कंपायलरमध्ये होती, फक्त ती चालू असायला हवी होती. म्हणून अनरीचेबल दिसलं की हात डिलीटकडे नेण्याआधी हे असं कसं झालं ते विचार.

आता राहिलेला दुसरा प्रकार, योगायोगाने सारखं उत्तर. तुझ्या फंक्शनमध्ये तीन फांद्या 50 परत देतात, मुलं, महिला, ज्येष्ठ. 75 चा क्रम सुधारला की हे सगळं चार-पाच ओळींत बसतं:

    इफ वय < 5 ऑर वय >= 75:
        रिटर्न 0
    इफ वय < 12 ऑर महिला ऑर वय >= 65:
        रिटर्न 50
    रिटर्न 100

गाइडला हे दाखवलंस तर बहुतेक खूश होतील, आणि उत्तर बरोबरच येतं. तरी पण मी प्रत्यक्ष कामात असं लिहिणार नाही. त्या तिघांचं उत्तर सारखं आहे, कारण सारखं नाही. महिलांची सवलत वेगळ्या वर्षी आली, ज्येष्ठांची वेगळ्या वेळी, त्या वेगवेगळ्या निर्णयांनी आल्यात आणि बदलल्या तर वेगवेगळ्या निर्णयांनीच बदलतील. उद्या एकाची सवलत 50 वरून 60 झाली की ती एकत्र केलेली ओळ पुन्हा फोडावी लागणार. आणि त्याहून मोठं म्हणजे, ह्या योजनांच्या सवलतीची रक्कम महामंडळाला सरकारकडून मिळते, त्यामुळे कुठल्या योजनेत किती तिकिटं गेली हा हिशोब लागतोच लागतो. 68 वर्षांच्या बाई अर्ध्या तिकिटावर गेल्या तर त्या महिला योजनेत धरायच्या की ज्येष्ठांच्या? 50 टक्के दोन्हीकडे सारखेच म्हणून एकत्र केलेल्या कोडला हा प्रश्नच पडत नाही, आणि सुट्या फांद्यांच्या कोडमध्ये ह्याचं उत्तर नुसत्या क्रमाने ठरतं, तू विचार केला असशील किंवा नसशील. हे प्रोग्रामरने मनाने ठरवायचं नसतं, ज्याचा नियम आहे त्याला विचारायचं असतं.

माझी कसोटी अशी की दोन फांद्या एकत्र करण्याआधी विचार, एक बदलली तर दुसरी *नक्कीच* बदलेल का? हो असेल तर खुशाल ऑर लाव. नसेल तर सुट्या राहू दे, चार ओळी जास्त गेल्या तर गेल्या.

एकात एक घुसवलेल्या इफबद्दल पण सांगतो कारण सिंप्लिफाय म्हटलं की पोरं पहिलं हेच करतात. ‘इफ अ:’ च्या आत ‘इफ ब:’ असेल तर ‘इफ अ अँड ब:’ करता येतं, पण कधी, तर आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही इफना एल्स नसेल आणि ‘अ’ च्या आत दुसरं काही नसेल तेव्हा. आतल्याला एल्स असेल तर तो फक्त "अ खरं, ब खोटं" ह्यासाठी आहे. एकत्र केल्यावर तोच एल्स "अ खोटं" असतानाही चालायला लागतो. मी दुसऱ्याचा कोड तपासताना ह्या एका गोष्टीवर नेहमी थांबतो.

आणि अँडचा क्रम पण जपायचा. ‘इफ प्रवासी इज नॉट नन अँड प्रवासी.वय >= 65’ (नन म्हणजे काहीच नाही) हे डावीकडून उजवीकडे चालतं आणि डावं खोटं ठरलं की उजवीकडे बघतच नाही, म्हणून प्रवासी नसला तरी फाटत नाही. गणितात अ अँड ब आणि ब अँड अ एकच, कोडमध्ये नाही. तसंच कंडिशनमध्ये फंक्शन कॉल असेल तर ते नुसतं मूल्य नसतं, ते काम करतं. ‘इफ ओटीपी_बरोबर(): ... एलिफ नॉट ओटीपी_बरोबर():’ असं लिहिलेलं दिसतं, वाचायला फालतू, एल्स पुरेसा आहे, पण प्रत्यक्षात चुकीचा ओटीपी टाकला की ते फंक्शन दोनदा चालतं आणि आत प्रयत्न मोजत असेल तर माणसाचे तीन प्रयत्न दीड वेळेतच संपतात. इथे एल्स लावणं हे नुसतं सिंप्लिफिकेशन नाही, ती दुरुस्ती आहे, तेव्हा कमिट मेसेजमध्ये (बदल साठवताना लिहितो ती टीप) तसं लिही.

क्रमाचं महत्त्व कळायला लिनक्सची 2009 ची गोष्ट बघ. टन नावाच्या नेटवर्क ड्रायव्हरमध्ये एका फंक्शनने पॉइंटर (मेमरीतला पत्ता) आधी वापरला आणि पुढच्या काही ओळींनी तो नल, म्हणजे रिकामा, आहे का ते तपासलं. जीसीसीने तर्क लावला की वर पॉइंटर वापरलाय, नल पॉइंटर वापरणं सी मध्ये चालतच नाही, म्हणजे हा नल नसणारच, म्हणजे खालची तपासणी फालतू, आणि ती उडवून टाकली. कंपायलरचा तर्क सी च्या नियमांनुसार बरोबर होता. पण कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शून्य पत्त्यावरही मेमरी मॅप करता येण्यासारखी परिस्थिती होती, त्यामुळे तिथे क्रॅश व्हायच्याऐवजी हल्लेखोराला आत शिरायला वाट मिळाली. नंतर कर्नल अशा तपासण्या उडवू नकोस असा पर्याय कंपायलरला देऊनच बांधायला लागले. ती तपासणी फालतू का झाली ह्याचं उत्तर पुन्हा तेच, दोन ओळींचा क्रम चुकला होता म्हणून.

नॉटबद्दल थोडं. ‘नॉट (नाव == "" ऑर मोबाईल == "")’ असं वाचायला डोकं दोनदा फिरवावं लागतं. आत शिरताना प्रत्येक तुकडा उलटा कर आणि ऑरचं अँड कर, ‘नाव != "" अँड मोबाईल != ""’. चूक होते ती तुकडे उलटवून ऑर तसाच ठेवण्यात, मग दोन्हीपैकी एक भरलं तरी फॉर्म पुढे जातो. हा नियम ज्याच्या नावाने ओळखतात तो ऑगस्टस डी मॉर्गन 1806 साली आपल्या मदुराईत जन्मला.

पण ‘नॉट (वय >= 18)’ चं ‘वय < 18’ करताना एक क्षण थांब. जावास्क्रिप्टमध्ये वयाच्या खान्यात कोणी अक्षरं टाकली आणि तू ते आकड्यात बदललंस तर नॅन ("हा आकडा नाही") येतं, आणि नॅनची तुलना कशाशीही केली, लहान-मोठी-समान, उत्तर फॉल्सच. म्हणजे ‘नॉट (वय >= 18)’ ने अडवलेला माणूस ‘वय < 18’ मधून आरामात पुढे जातो. डेटाबेसच्या एसक्यूएलमध्ये तर अजून जास्त जपायला लागतं. ‘शहर = 'पुणे' ऑर शहर <> 'पुणे'’ हे बघून कोणीही म्हणेल हे कायम खरंच, काढून टाका. पण शहर नल असलेल्या ओळींसाठी दोन्ही तुलनांचं उत्तर "माहीत नाही" असं येतं आणि ओळी निवडणारा वेअर त्या ओळी गाळतो. ती कंडिशन काढलीस की रिपोर्टमध्ये अचानक जास्तीच्या ओळी दिसायला लागतात. (कोणाला नलच गाळायचे असतील तर त्याने ‘शहर इज नॉट नल’ असं स्पष्ट लिहावं, हे वेगळं.)

डिजिटलच्या पेपरला के-मॅप (बूलियन एक्स्प्रेशन आखूड करायचा तक्ता) केला असशीलच, 1953 मध्ये मॉरिस कार्नोने मांडलेला. तीन-चार बूलियनची गुंतागुंत सोडवायला तो इथेही चालतो, आणि ‘अ ऑर (अ अँड ब)’ म्हणजे नुसतं ‘अ’, ‘अ ऑर (नॉट अ अँड ब)’ म्हणजे ‘अ ऑर ब’ हे दोन नियम तर रोज उपयोगी पडतात. फक्त एक फरक विसरू नकोस. क्लॉड शॅननने 1937 च्या आपल्या प्रबंधात बूलचं बीजगणित रिलेच्या (विजेने चालू-बंद होणाऱ्या स्विचच्या) सर्किटला लावलं तेव्हा एक रिले कमी म्हणजे खरोखरचा खर्च कमी. कोडमध्ये तसं नाही. कंपायलर अशी किरकोळ छाटणी स्वतःच करतो, एक इफ कमी केला म्हणून प्रोग्राम पळायला लागत नाही. आपण छाटतो ते पुढच्या वाचणाऱ्यासाठी. त्यामुळे सगळ्यात आखूड एक्स्प्रेशन हे ध्येय नाही. लीप वर्षाचं ‘(साल % 4 == 0 अँड साल % 100 != 0) ऑर साल % 400 == 0’ एका ओळीत छान वाचता येतं कारण नियमच तसा बोलला जातो. पण के-मॅपने काढलेली पाच व्हेरिएबलची ओळ बरोबर असूनही कोणाला तोंडी सांगता येत नसेल तर तिच्या तुकड्यांना नावं दे, ‘ज्येष्ठ = वय >= 65’, आणि मग जोड.

रिटर्ननंतरच्या एल्सचं मात्र मी फार मनावर घेत नाही. पायथन तपासणारं टूल पायलिंट त्यावर कुरकुर करतं, आणि वरच्या वर नको ती केस बाहेर काढणारा इफ असेल तर एल्स काढल्याने पुढचा कोड एक पायरी डावीकडे येतो, चांगलंच आहे. दोन्ही फांद्या सारख्याच तोलाच्या असतील तर एल्स असू दे, काही बिघडत नाही.

आता तुझा दुसरा प्रश्न, बिघडलं तर कळणार कसं. तुझ्या फंक्शनला दोनच इनपुट आहेत, सगळी तपासून टाक ना! जुनं फंक्शन डिलीट करू नकोस, ‘जुनं’ नावाने बाजूला ठेव आणि हे चालव:

    फॉर वय इन रेंज(0, 101):
        फॉर महिला इन (ट्रू, फॉल्स):
            इफ जुनं(वय, महिला) != नवं(वय, महिला):
                प्रिंट(वय, महिला, जुनं(वय, महिला), नवं(वय, महिला))

101 वयं आणि दोन शक्यता, 202 जोड्या, डोळ्याचं पातं लवायच्या आत होतं. इनपुट जास्त असतील तेव्हा सगळ्या जोड्या जमत नाहीत, मग प्रत्येक आकड्याच्या अलीकडचा, तोच, आणि पलीकडचा असे घ्यायचे, 4-5-6, 11-12-13, 64-65-66, 74-75-76. कंडिशनच्या चुका बहुतेक ह्या कडांवरच होतात.

आणि दोन कमिट कर, एक नाही. पहिल्यात फक्त साफसफाई, म्हणजे पहिलं फंक्शन एका ओळीत, दुसऱ्यातलं ‘वय >= 5 अँड’ आणि ‘== ट्रू’ बाद. दोन्ही फंक्शन्सवर वरची तपासणी चालव, एकही ओळ छापली जाता कामा नये. छापली गेली तर ते सिंप्लिफिकेशन नाही, तू वागणूक बदललीस. दुसऱ्या कमिटमध्ये क्रमाचा बग, आणि तिथेच मी कारणही सोबत परत देईन:

    डेफ भाडे(वय, महिला):
        इफ वय < 5:
            रिटर्न 0, "लहान मूल"
        इफ वय >= 75:
            रिटर्न 0, "अमृत ज्येष्ठ नागरिक"
        इफ वय < 12:
            रिटर्न 50, "मुलांचं अर्धं"
        इफ वय >= 65:
            रिटर्न 50, "ज्येष्ठ नागरिक"
        इफ महिला:
            रिटर्न 50, "महिला सन्मान"
        रिटर्न 100, "पूर्ण"

(65 च्या वरच्या महिलांना मी इथे ज्येष्ठांत धरलंय, ते गाइडना विचारून घे, आणि 12 च्या खालच्या मुलींचंही तेच.) आता तपासणीत नव्या फंक्शनने परत दिलेल्या जोडीतला पहिला आकडा, म्हणजे टक्के, तेवढाच ताडून बघ. ह्यावेळी ओळी छापल्या जातील, आणि त्या बरोबर 52 असल्या पाहिजेत, 75 ते 100 अशी 26 वयं गुणिले दोन, प्रत्येक ओळीत जुनं 50 आणि नवं 0. ती यादी तशीच कमिट मेसेजमध्ये चिकटव. 52 च्या जागी 26 आल्या आणि सगळ्या पुरुषांच्याच निघाल्या, तर 75 वाली फांदी अजून महिलेच्या फांदीखालीच राहिलीय, ती वर ने.